घरचा मुलगा करार संपवून निघून जातो तेव्हा

उजवी बगल (धागाकर्ता)

चार नोव्हेंबर २०२५ चा सामना बघितला आणि मग लिहायला बसलो. ॲनफिल्डवर, आपल्या लिव्हरपूलच्या मैदानावर, आपण रिअल माद्रिदला १-० हरवलं. मॅकॲलिस्टरचा हेडर, त्यांच्या गोलकीपर कोर्टुआने अडवलेले एकाहून एक फटके, व्हिनिसियसला बांधून ठेवणारा आपला ब्रॅडली. सगळं मनासारखं झालं. तरी डोक्यात अडकून राहिलंय ते ८१ वं मिनिट. आपल्याला सोडून गेलेला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड माद्रिदचा बदली खेळाडू म्हणून आत आला आणि स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. चेंडू त्याच्याकडे गेला की हुर्यो, त्याच्याकडून सुटला की जल्लोष. सामन्याआधीच लिव्हरपूलमधलं त्याचं भित्तिचित्र कुणीतरी विद्रूप केलं होतं.

मी ओरडलो नसतो. पण ओरडणाऱ्यांवर मला रागही आला नाही, आणि हेच मला स्वतःला नीट समजून घ्यायचंय.

हा मुलगा बाहेरून विकत आणलेला नव्हता. वेस्ट डर्बीत वाढला, मेलवूडच्या सरावमैदानापासून हाकेच्या अंतरावर. भिंतीच्या फटीतून खेळाडू बघायचा. सहाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत, म्हणजे मुलांना घडवणाऱ्या शाळेत, आला, अठराव्या वर्षी पहिल्या संघात खेळला, आणि शर्टावर ६६ हा विचित्र आकडा घेऊन जगातला सगळ्यात वेगळा राइट बॅक झाला. ७ मे २०१९ चा बार्सिलोनाविरुद्धचा तो कॉर्नर आठवा. पहिल्या लेगमध्ये ०-३ हरून आलेलो आपण, आणि वीस वर्षांचा हा पोरगा बार्सिलोनाचा बचाव गाफील दिसताच वळून पटकन चेंडू टाकतो. ओरिगीचा गोल. ४-०. ती हुशारी कुठल्याच प्रशिक्षकाने शिकवलेली नव्हती. गल्लीत खेळलेल्या पोरालाच ती सुचते.

३५४ सामने, २३ गोल, उपकर्णधारपद. नंतर जेरार्डसारखी कर्णधाराची पट्टी ह्याच्याच दंडावर येणार, हे आपण सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

आणि मग २०२४-२५ चा तो हंगाम. करार जूनमध्ये संपणारे तिघे होते: साला, व्हॅन डाइक आणि ट्रेंट. साला ३२ वर्षांचा, व्हॅन डाइक ३३ चा. दोघांनी एप्रिलमध्ये एका आठवड्याच्या आत नवे करार केले. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला एकटा ट्रेंट, त्याने मात्र सही केली नाही. २० एप्रिलला लेस्टरविरुद्ध डाव्या पायाने विजयी गोल मारून त्याने शर्ट काढला आणि कॉर्नरच्या झेंड्यावर टांगला. तेव्हा मला खरंच वाटलं की हा राहतोय. त्या क्षणाला मी रडलो होतो. पंधरा दिवसांनी, ५ मे रोजी त्याने जात असल्याचं जाहीर केलं.

माद्रिदला जायचं स्वप्न बघणं मला समजतं. मला सलतं ते करार संपत येऊ देणं. एका वर्षापूर्वी सही करून मग विकला गेला असता तर क्लबच्या हातात मोठी रक्कम आली असती. आपल्याला मिळाले बातम्यांनुसार एक कोटी युरोच्या आसपास. तेही क्लब वर्ल्ड कपसाठी तो महिनाभर आधी हवा होता म्हणून. ३० जूनपर्यंत थांबले असते तर तेही मिळाले नसते. वीस वर्षं ज्या घराने वाढवलं त्याला एवढंच?

तुमचं काय मत आहे? आणि दुसऱ्या क्लबांच्या चाहत्यांनीही जरूर लिहा. हे दुखणं फक्त आमचं नाही हे मला माहीत आहे.

गुडिसनचा निळा

धागाकर्ते, मी एव्हर्टनचा, तुमच्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी क्लबचा. तुमच्या धाग्यावर सांत्वनाला येईन असं कधी वाटलं नव्हतं, पण विषयच असा आहे.

आमचा वेन रूनी. १९ ऑक्टोबर २००२, आर्सेनल ३० सामने अपराजित, आणि सतरावा वाढदिवस पाच दिवसांवर असलेल्या पोराने शेवटच्या मिनिटाला लांबून मारलेला तो फटका क्रॉसबारला लागून आत. त्याच वर्षी यूथ कपच्या फायनलमध्ये त्याने जर्सी वर करून आतला टी-शर्ट दाखवला होता: एकदा निळा तो कायमचा निळा, अशा अर्थाचं वाक्य त्यावर होतं. आम्ही ते वाक्य छातीशी धरलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट २००४ मध्ये, तो मँचेस्टर युनायटेडला गेला. सौदा बोनस धरून २ कोटी ७० लाख पाउंडांपर्यंतचा.

म्हणजे तुम्ही जे मागताय ते आम्हाला मिळालं होतं. पैसे मिळाले होते, आणि एव्हर्टनला त्यांची नितांत गरजही होती. तरी राग एका कणाने कमी झाला नाही. २००८ मध्ये आमच्या गुडिसन मैदानावर त्याने आमच्यासमोर युनायटेडच्या बोधचिन्हाचं चुंबन घेतलं, तेव्हाचा तो आवाज मी विसरू शकत नाही. त्यामुळे रकमेवर तुमचा जो भर आहे तो मला पटत नाही. पैसे आले असते तरी तुम्ही आज इथेच बसून हेच लिहिलं असतं.

एक मात्र सांगतो. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात आम्ही चौथे आलो, तुमच्या वर. आणि २०१७ मध्ये तो परत आला, स्टोकविरुद्ध पहिल्याच लीग सामन्यात गोल केला, तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. तेरा वर्षं शिव्या दिलेल्या माणसासाठी. ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

पहिला टच

धाग्यातल्या भावनेशी सहमत, निष्कर्षाशी नाही. दोष एकट्या ट्रेंटवर टाकणं बरोबर नाही.

त्याचा शेवटचा करार जुलै २०२१ मध्ये झाला, २०२५ पर्यंतचा. कुठलाही शहाणा क्लब अशा खेळाडूशी दोन वर्षं उरलेली असताना बोलणी उरकतो. २०२३ मध्ये आपल्याकडे काय चालू होतं? २०२२ मध्ये खेळाडूंचे करार बघणारा क्रीडा संचालक मायकल एडवर्ड्स गेला, त्याच्या जागी आलेला ज्युलियन वॉर्ड वर्षभरात गेला, मग श्मात्के थोड्या महिन्यांपुरता आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक क्लॉपने जाण्याची घोषणा केली. नवा क्रीडा संचालक रिचर्ड ह्यूज रुजू झाला तेव्हा तिघांच्याही करारात एकच वर्ष उरलं होतं. करार ज्याने करायचे ती खुर्चीच स्थिर नव्हती. २५ वर्षांचा खेळाडू कुणाच्या शब्दावर विसंबून सही करणार?

उरलेलं सगळं कायद्याने ठरतं. डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाआधी करार संपल्यावरही क्लब खेळाडूची किंमत मागू शकत होते. ज्याँ-मार्क बोसमन हा बेल्जियमच्या लिएज क्लबचा साधा खेळाडू. करार संपला तरी त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जाता येईना, म्हणून तो युरोपियन न्यायालयापर्यंत लढला, आणि त्या लढ्यात त्याची स्वतःची कारकीर्द संपली. त्याने मिळवून दिलेला हक्क ट्रेंटने वापरला. करार पूर्ण निभावणं हा विश्वासघात कसा काय होतो? दिलेला शब्द त्याने हंगाम संपेपर्यंत पाळलाच की.

उजवी बगल

पहिला टच, व्यवस्थापनाबद्दल जे लिहिलंत ते शंभर टक्के मान्य. ते मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

पण साला आणि व्हॅन डाइक यांच्यापुढेही तीच डळमळती खुर्ची होती ना? त्यांनी वाट बघितली आणि सही केली. कायद्याचं म्हणाल तर कायदा मोडला असं मी कुठेच म्हटलेलं नाही. घरात सगळ्या गोष्टी कायद्याने चालत नाहीत.

निळे, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पैशाबद्दल तुमचं बरोबर असेल. विचार करतोय.

पिवळी भिंत

डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर जीव टाकणाऱ्यांपैकी मी एक. आमची गोष्ट ऐका.

मारिओ ग्योट्झे लहानपणापासून आमच्या अकादमीत. क्लॉपच्या हाताखाली दोनदा लीग जिंकलेला. २३ एप्रिल २०१३ ला बातमी फुटली की तो बायर्नला चाललाय. करारात ३ कोटी ७० लाख युरोंचं कलम होतं, बायर्नने तेवढे मोजले, विषय संपला. दुसऱ्या दिवशी आमची चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल होती, तुमच्या त्याच रिअल माद्रिदशी. विचार करा, मुलगा २० वर्षांचा, आणि युरोपातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या आदल्या दिवशी कळतं की तो शत्रूच्या घरी जाणार. लेवांडोव्स्कीने चार गोल मारले, आम्ही ४-१ जिंकलो, पण त्या आनंदात एक काटा राहिलाच. फायनल वेम्बलीवर, बायर्नविरुद्धच. ग्योट्झे दुखापतीमुळे खेळला नाही. आम्ही १-२ हरलो.

नोव्हेंबरमध्ये तो बायर्नकडून आमच्या मैदानावर आला, बदली खेळाडू म्हणून उतरला, आणि पहिला गोल त्यानेच केला. जल्लोष केला नाही, हात वर करून माफी मागितल्यासारखं केलं. त्याचाच मला जास्त राग आला होता तेव्हा. आज वाटतं, दुसरं काय करणार होता बिचारा?

पुढच्या उन्हाळ्यात त्याने जर्मनीला वर्ल्ड कप जिंकून दिला, ११३ व्या मिनिटाला. आणि २०१६ मध्ये बायर्नने त्याला आमच्याचकडे परत विकला. स्वागत झालं, टाळ्याही पडल्या. पण २०१३ च्या आधीचं जे होतं ते परत आलं नाही. मी त्याच्या नावाचा शर्ट फेकला नव्हता, कपाटात होता. तो पुन्हा अंगात घालता आला नाही मला.

कॉर्नर फ्लॅग

सगळ्यांनी जेरार्डचं नाव घेतलं की मला २००५ आठवतं. इथल्या बऱ्याच जणांना ते माहीत नसावं किंवा सोयीने विसरलं असावं.

२५ मे २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल. ०-३ वरून मिलानला हरवलं, जेरार्डने कप उचलला. आणि सहाच आठवड्यांनी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्याच जेरार्डने क्लब सोडण्याचा अर्ज दिला होता. चेल्सीने ३ कोटी २० लाख पाउंड देऊ केले होते. लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट रस्त्यावर जाळले. मी तेव्हा कॉलेजात होतो, ते दृश्य टीव्हीवर बघून हातपाय गळाले होते. दुसऱ्या दिवशी त्याने निर्णय फिरवला आणि पुढची दहा वर्षं राहिला.

म्हणजे ज्याला आपण निष्ठेचा पुतळा मानतो तो एका रात्रीने वाचला. ती रात्र वेगळी गेली असती तर आज त्याच्याबद्दल काय बोललो असतो? ओवेनबद्दल बोलतो तेच. ओवेनही आपल्याच अकादमीतला, २००१ चा बॅलन डी'ओर जिंकलेला. करारात एक वर्ष उरलेलं असताना २००४ मध्ये माद्रिदला ८० लाख पाउंड आणि अंतोनियो नुन्येझ यांच्या बदल्यात गेला, आणि वर्षाच्या आत आपण त्याच्याशिवाय युरोप जिंकला. त्याआधी १९९९ मध्ये मॅकमॅनमन तर करार संपवून पूर्ण फुकटात गेला होता, त्याच क्लबला. एकाच क्लबने सव्वीस वर्षांत आपल्या घरचे तिघे नेलेत.

त्यामुळे वेदना समजते, पण ती नवी नाही.

सान सिरो

मिलानचा चाहता. दोन ओळी लिहून थांबणार होतो, पण राहवत नाही.

डोनारुम्मा. १६ वर्षांचा असताना ऑक्टोबर २०१५ मध्ये सासुओलोविरुद्ध गोलपोस्टमध्ये उभा राहिला. २०१७ मध्ये करार करणार नाही असं त्याच्या एजंटाने सांगितलं, तेव्हा पोलंडमध्ये २१ वर्षांखालच्या युरो स्पर्धेत त्याच्यावर खोट्या नोटा फेकल्या गेल्या. मुलगा १८ वर्षांचा! मग सही केली. त्याच डिसेंबरमध्ये पुन्हा वाद उठला, स्टँडमध्ये त्याच्याविरुद्ध फलक लागला, आणि तो मैदानावर रडला. त्या दिवशी फलक धरणाऱ्यांत मी असतो तर मला आज लाज वाटली असती.

आणि तरीही २०२१ मध्ये तो करार संपवून फुकटात पॅरिसला गेला. नंतर इटलीच्या शर्टात आमच्या सान सिरो मैदानावर उतरला तेव्हा आमच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. स्वतःच्या राष्ट्रीय संघाच्या गोलकीपरला. त्याच्या जागी आलेल्या मेन्याँने पहिल्याच हंगामात आम्हाला लीग जिंकून दिली, म्हणून जखम लवकर भरली. ट्रेंटच्या जागी खेळणाऱ्या तुमच्या ब्रॅडलीबद्दल वाचलं तेव्हा तेच आठवलं.

धागाकर्ते, एक विचारतो. १८ वर्षांच्या मुलाच्या तोंडावर नोटा फेकल्यावर त्याने कुठल्या प्रेमाने राहायचं होतं?

हिशेबनीस

क्लबच्या निष्ठेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

प्रीमियर लीगच्या २०२५-२६ हंगामापर्यंतच्या आर्थिक नियमांत क्लबला तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पाउंडांपर्यंतच तोटा दाखवता येत होता. बाहेरून आणलेल्या खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते. अकादमीतल्या मुलाची खरेदी-किंमत शून्य. म्हणून तो विकला की आलेली सगळी रक्कम निव्वळ नफा. ह्याचा परिणाम काय? अडचणीत आलेला क्लब पहिल्यांदा घरच्याच मुलांकडे बघतो. चेल्सीने मेसन माउंट विकला, कॉनर गॅलाघर विकला. दोघेही लहानपणापासून तिथले. गॅलाघर तर जायच्या आदल्या हंगामात बऱ्याच सामन्यांत कर्णधार होता.

तेव्हा 'क्लबने मुलाला दगा दिला' अशी हुर्यो कुठे उडाली? क्लबने मुलाला विकलं की तो व्यवहार, आणि मुलाने क्लब सोडला की ती गद्दारी. आणि हे दोघे नावाजलेले तरी. अकादमीतल्या बहुतेक मुलांना १६ ते १८ च्या दरम्यान एक पत्र देऊन घरी पाठवतात. दहा-दहा वर्षं शाळेनंतरची प्रत्येक संध्याकाळ त्यांनी दिलेली असते. माझ्या जवळच्या एकाच्या मुलाबरोबर हे झालंय, म्हणून इतकं मनाला लागून लिहितोय. त्या घरात दोन महिने कुणी टीव्हीवर सामना लावला नव्हता.

बास्क वारा

हिशेबनीस, तुमच्या प्रतिसादाला सलाम. पण राहणारेही असतात हो!

निको विल्यम्सचं उदाहरण ताजं आहे. बिलबाओचा ॲथलेटिक क्लब फक्त बास्क मातीतले खेळाडू खेळवतो, त्यामुळे तिथे एक खेळाडू गेला तर बाजारातून दुसरा सहजासहजी आणता येत नाही. बार्सिलोना दोन उन्हाळे त्याच्या मागे होती. लोक इतके चिडले की त्याचं आणि मोठ्या भावाचं भित्तिचित्र होतं, त्यातला निकोचा चेहरा कुणीतरी खराब केला. आणि जुलै २०२५ मध्ये त्याने थेट २०३५ पर्यंतचा करार केला, त्याला सोडवण्याची किंमत अर्ध्याहून जास्त वाढवून. वय २२.

दुसरं उदाहरण राहणाऱ्याचं नाही, जाणाऱ्याचं: बेलिंगहॅमचं. बर्मिंगहॅमने १७ वर्षांच्या मुलाला २०२० मध्ये डॉर्टमुंडला विकलं आणि त्याचा २२ क्रमांक निवृत्त केला. अनेकांना ते अतिरेकी वाटलं होतं. पण त्या पैशांनी क्लबला श्वास घेता आला. पुढे डॉर्टमुंडने तो माद्रिदला विकला तेव्हा फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतूनही घडवणाऱ्या क्लबला वाटा मिळतो. हस्तांतराच्या रकमेतले पाच टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात वाढवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. जाणारा मुलगाही घराला काही देऊन जाऊ शकतो. या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

उजवी बगल

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. बास्क वारा, मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत.

पण निळ्यांचा मुद्दा डोक्यातून जात नाही, म्हणून स्वतःलाच विचारलं: ट्रेंटचे आठ कोटी पाउंड आले असते तर मी शांत झालो असतो का? नसतो झालो. मग पैशाचा मुद्दा मी का पुढे केला? कारण तो सांगायला सोपा आहे. खरं कारण सांगायला संकोच वाटतो. मी कधीच चांगला खेळलो नाही. शाळेच्या संघातही घेतलं नाही मला. अकादमीतून आलेला मुलगा मैदानावर उतरतो तेव्हा आपल्यातलाच एक आत गेलाय असं वाटतं. साला कितीही महान असो, तो आमच्याकडे आलेला आहे. ट्रेंट आमच्यातून गेलेला होता. तो निघून गेला तेव्हा त्याने मला सांगितलं की मी ज्या जागेसाठी काहीही दिलं असतं ती जागा त्याच्यासाठी पुरेशी नव्हती.

हे न्याय्य नाही, मला कळतं. त्याने वीस वर्षं दिली, सगळ्या ट्रॉफ्या जिंकून दिल्या. पण वाटतं ते असं.

सान सिरो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कुठल्याच नाही. भित्तिचित्र ज्याने खराब केलं त्याच्या बाजूने मी नाही.

पहिला टच

धागाकर्ते, इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. एकच प्रश्न. २५ ऑगस्ट २०२५ ला न्यूकॅसलमध्ये शंभराव्या मिनिटाला रिओ एनगुमोहाने विजयी गोल मारला, तेव्हा तुम्ही काय केलंत? मुलगा १६ वर्षांचा. आपल्याकडे येण्याआधी चेल्सीच्या अकादमीत वाढलेला.

उजवी बगल

उडी मारली. घरातले जागे झाले इतका ओरडलो. तो कुठून आला हे त्या क्षणी मनातही नव्हतं.

आज तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा विचार केला की त्याच रात्री चेल्सीचा कुणीतरी चाहता, ज्याने त्या पोराला लहान असताना बघितलं असेल, तोच गोल बघत बसला असेल. त्याने काय केलं असेल?

तुमच्या ओळखीत कुणी चेल्सीवाले असतील तर त्यांना या धाग्यावर बोलवा. मला त्यांचं ऐकायचंय.